हरवलेला सोर्स कोड आणि काळी किल्ली: झेडझेडटीचं पूर्ण प्रकरण

२०१३च्या नोव्हेंबरमध्ये टिम स्वीनीच्या वडिलांनी झेडझेडटी या डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या पीसी सिस्टिमच्या) गेमची शेवटची कॉपी पोस्टात टाकली. गेम आला होता १९९१च्या जानेवारीत, म्हणजे जवळपास २३ वर्षं हे असं पोस्टाने गेम पाठवणं चाललं होतं. गेम लिहिला तेव्हा टिम विशीतला होता, युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होता, आणि कंपनीचं नाव होतं पोटोमॅक कॉम्प्युटर सिस्टिम्स, आता कंपनी म्हणजे काय तर पोटोमॅक गावातलं आईवडिलांचं घर. पुढे हीच कंपनी एपिक झाली, अनरियल इंजिन आणि फोर्टनाइटवाली. पण एपिकबद्दल खूप लिहिलं गेलंय, ते जाऊ दे. मला लिहायचंय ते त्या हजारो छोट्या गेमांबद्दल जे झेडझेडटीच्या आत बसून शाळकरी पोरांनी बनवले, आणि ते नीट चालत राहावेत म्हणून हरवलेला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, एका माणसाने बाइट न बाइट जुळवून परत कसा लिहिला त्याबद्दल.

आधी गेम काय होता ते सांगतो. टिमला खरं तर टेक्स्ट एडिटर लिहायचा होता, पास्कल भाषेच्या टर्बो पास्कलमध्ये. लिहिता लिहिता त्याने कर्सरच्या जागी हसरा चेहरा ठेवला, स्क्रीनवर भिंती टाकल्या, मग त्या चेहऱ्याच्या मागे लागणारे प्राणी आले आणि एडिटरचा गेम झाला. ग्राफिक्स अजिबात नाहीत. डॉसचा टेक्स्ट मोड, आडवी ८० अक्षरं, उभ्या २५ ओळी, रंग १६. त्यातल्या ६० रकान्यांमध्ये खेळ आणि उरलेल्या २० मध्ये हेल्थ, गोळ्या, रत्नं, किल्ल्या वगैरेंचा हिशोब. सिंह म्हणजे लाल ओमेगा (Ω), वाघ म्हणजे गणितातला पाय (π), आणि तो वाघ गोळ्या पण झाडतो. हे वाचून कुणाला वाटेल की यात खेळण्यासारखं काय आहे, पण दहा मिनिटं खेळून बघा, अक्षरं दिसायची बंद होतात आणि वाघ दिसायला लागतो. नावाचंही कारण साधंच होतं, त्या काळी मॉडेम लावून बुलेटिन बोर्डांवरून, म्हणजे फोनलाइनने जोडता येणाऱ्या कॉम्प्युटरांवरून, फायली उतरवायचे आणि याद्या असायच्या एबीसीडीप्रमाणे, तर आपलं नाव यादीत सगळ्यात शेवटी यावं म्हणून झेडझेडटी.

खरी गोष्ट होती ती गेमसोबत मिळणारा एडिटर. ज्या एडिटरने टिमने स्वतःची वर्ल्ड्स, म्हणजे झेडझेडटीच्या आत चालणारे गेम, बनवली तोच त्याने सगळ्यांना देऊन टाकला, शेअरवेअरच्या, म्हणजे आधी खेळून बघा आणि बाकीच्या वर्ल्ड्ससाठी पैसे भरा अशा, फुकट कॉपीत सुद्धा. एका वर्ल्डमध्ये अनेक बोर्ड, म्हणजे खोल्या म्हणा, आणि बोर्डवर ऑब्जेक्ट ठेवायचे ज्यांच्या आत छोटासा प्रोग्राम लिहिता येतो. त्या भाषेचं नाव झेडझेडटी-ओओपी. भाषा इतकी सोपी की कोलन देऊन ‘टच’ असं लिहायचं आणि त्याच्या खाली साधं वाक्य टाइप करायचं, झालं, खेळाडू त्या ऑब्जेक्टला धडकला की ते वाक्य स्क्रीनवर येतं. बारा-तेरा वर्षांच्या पोराला कुणी शिकवायची गरज नाही, दुसऱ्याचं वर्ल्ड एडिटरमध्ये उघडायचं, बघायचं, तसंच करायचं. अमेरिका ऑनलाइन, कॉम्प्युसर्व्ह, प्रॉडिजी अशा सर्व्हिसेसवर या पोरांचे गट जमले, वर्ल्ड्स बनवायचे, एकमेकांना द्यायचे, एकमेकांवर टीका करायचे, स्पर्धा घ्यायचे.

आणि मर्यादा तरी केवढ्या. अख्ख्या वर्ल्डमध्ये फ्लॅग फक्त १०, म्हणजे ‘राजाला भेटला का, होय की नाही’ अशा गोष्टी कायमच्या लक्षात ठेवायच्या तर त्या एका वेळी दहाच. एडिटर रंग द्यायचा ते सातच. गडद रंग, काळा, राखाडी हे एडिटरमधून काढताच यायचे नाहीत, म्हणून लोकांनी काय केलं, सुपर टूल किट नावाचं एक वर्ल्ड फिरायला लागलं ज्याच्या बोर्डांवर बाकीच्या रंगांचे तुकडे आधीच मांडून ठेवलेले होते, ते उचलायचे आणि आपल्या बोर्डवर रंगवायचे. ते बनवणाऱ्या अ‍ॅलेक्सिस जॅन्सनने पुढे मेगाझ्यूक्स नावाची स्वतःची वेगळी गेम बनवायची सिस्टिमच लिहिली, १९९४मध्ये. हे सगळं सांगतोय कारण पुढचं प्रकरण कळायला हे महत्त्वाचं आहे, की या वर्ल्ड्स अधिकृत रस्त्याने कमी आणि आडवाटेने जास्त बनलेल्या आहेत.

आता नुकसान काय झालं ते. झेडझेडटीचा मूळ सोर्स कोड कॉम्प्युटर क्रॅशमध्ये गेला. त्याची दुसरी कॉपी उरली नाही. १९९७मध्ये गेमच्या पैसे भरून मिळणाऱ्या वर्ल्ड्स पण फ्री झाल्या, पण फ्री झालं ते चालणारं एक्झे, म्हणजे मशीनला कळणारी तयार प्रोग्रामची फाइल, आणि वर्ल्ड्सच्या फायली, कोड नव्हे, कोड कुणाकडे नव्हताच.

इथे कुणीही विचारेल, एक्झे आहे ना, डॉसबॉक्समध्ये (आजच्या मशीनवर जुना डॉस चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाका आणि खेळा, सोर्स कशाला पाहिजे? मला पण बरीच वर्षं असंच वाटायचं. पण बघा, डॉसबॉक्स म्हणजे सीलबंद डबा सुरू ठेवणं, डब्याच्या आत काय चाललंय ते कळत नाही. उद्या हा गेम नव्या मशीनवर न्यायचा असेल, ब्राउझरमध्ये आणायचा असेल, ज्याला दिसत नाही अशा माणसासाठी काही सोय करायची असेल, तर नियम माहीत पाहिजेत, नेमके नियम. वाघ कुठल्या क्षणी गोळी झाडतो, दोन ऑब्जेक्ट एकाच जागी यायला निघाले तर आधी कोण हलतो, बोर्डवर आणखी हलत्या गोष्टींना जागाच उरली नाही तर काय होतं. अंदाजाने लिहिलेले क्लोन, म्हणजे गेमच्या नकला, होते, लोकांनी मनापासून बनवलेले होते, पण अंदाज तो अंदाज. नव्वद टक्के वर्ल्ड चालायचं आणि एखाद्या कोड्यापाशी येऊन अडायचं, कारण ते कोडं रचणाऱ्या पोराने मूळ गेमच्या एखाद्या विचित्र वागण्यावर भरवसा ठेवलेला असायचा.

२०२०च्या मार्चमध्ये एड्रियन शेकेर्का या पोलिश प्रोग्रामरने ‘रिकन्स्ट्रक्शन ऑफ झेडझेडटी’ जाहीर केलं. झेडझेडटी ३.२ चा पूर्ण सोर्स कोड, पास्कलमध्ये, नव्याने लिहिलेला. आणि कसोटी काय लावली होती तर हा कोड टर्बो पास्कल ५.५ या त्याच जुन्या कंपायलरमधून (सोर्स कोडचं एक्झे करणाऱ्या प्रोग्राममधून) काढला की जे एक्झे तयार होतं ते मूळ एक्झेशी बाइट न बाइट जुळलं पाहिजे. नुसतं मूळ गेमसारखं वागून भागणार नाही, एकही बाइट इकडचा तिकडे नको.

हे जमलं कसं ते जरा खोलात सांगतो कारण मला यातलं सगळ्यात सुंदर तेच वाटतं. आजचे कंपायलर फार हुशार आहेत, तुम्ही लिहिलेल्या ओळी ते ढवळतात, काही गाळतात, काही एकत्र करतात, शेवटी मशीन कोड बघून मूळ ओळ काय होती हे सांगणं अवघड. टर्बो पास्कल तसा नव्हता. तो फायलीतून एकदाच सरळ जायचा आणि वाचेल तसा मशीन कोड ओतत जायचा. त्यामुळे ‘फॉर’ने लिहिलेलं लूप, म्हणजे परत परत करायचं काम, आणि ‘व्हाइल’ने लिहिलेलं लूप, काम एकच असलं तरी बाइट वेगळे पडतात. एखाद्या नावासाठी ५० अक्षरांची स्ट्रिंग ठेवली होती की २० अक्षरांची, हे पण मशीन कोडमध्ये उमटतं कारण कॉपी करताना ती मर्यादा आकड्यात लिहिलेली असते. म्हणजे मातीत उमटलेल्या पावलांसारखं आहे, चालणारा निघून गेला पण डावा पाय पुढे होता का उजवा हे दिसतं. मग काम असं की एक प्रोसिजर, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, घ्यायची, तिचा मशीन कोड वाचायचा, पास्कलमध्ये अंदाज लिहायचा, कंपाइल करायचं, बाइट जुळवून बघायचे, नाही जुळले की अंदाज बदलायचा, परत कंपाइल, परत जुळवणी. मूळ एक्झे लेझेडएक्झे नावाच्या टूलने दाबून लहान केलेलं होतं, ते आधी सोडवायला लागतं. (ते टूल लिहिणारा फाब्रिस बेलार्द, ज्याने पुढे व्हिडिओ-ऑडिओसाठीचं एफएफएमपेग आणि एका मशीनवर दुसरं मशीन चालवणारं क्यूईएमयू सुरू केलं. जुन्या गोष्टी जपणारे लोक आज रोज त्याचा क्यूईएमयू वापरतात.)

या सगळ्यात जे परत मिळालं नाही ते पण सांगायला हवं. व्हेरिएबलची नावं एक्झेमध्ये राहत नाहीत, टिमने लिहिलेल्या कॉमेंट राहत नाहीत. म्हणजे आज जो कोड आपण वाचतो त्यात वागणूक शंभर टक्के मूळची पण नावं बरीचशी नव्याने ठेवलेली. शेकेर्काने याला ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हटलं, ‘मूळ सोर्स’ नाही म्हटलं, हे मला फार बरोबर वाटतं. पडलेल्या वाड्याचे दगड शोधून त्याच जागी परत रचले तरी चुना नवाच असतो आणि तो नवा आहे हे सांगणं हे जपणाऱ्याचं काम आहे.

आता काळ्या किल्लीची गोष्ट. मला कुणी विचारलं की इतकं बाइट न बाइट कशाला, तर मी हीच सांगतो.

झेडझेडटीमध्ये सात रंगांच्या किल्ल्या आहेत आणि सात रंगांची दारं. मेमरीत ते असं मांडलेलं आहे, आधी गोळ्या, दोन बाइट, मग रत्नं, दोन बाइट, मग लगेच सात किल्ल्यांचे सात बाइट, किल्ली असेल तर १ नसेल तर ०. रंगांना नंबर आहेत, निळा १ पासून पांढरा ७ पर्यंत. काळा म्हणजे ०, पण काळी किल्ली नाहीच, एडिटर देतच नाही, म्हणून त्याची तपासणीही कुठे नाही. आता आडवाटेने म्हणजे टूल किट किंवा बाहेरचे एडिटर वापरून कुणीतरी काळी किल्ली बोर्डवर ठेवली. खेळाडूने ती उचलली. प्रोग्राम बिचारा शून्य नंबरची किल्ली शोधायला जातो, म्हणजे पहिल्या किल्लीच्या एक घर मागे, आणि तिथे आहे रत्नांच्या आकड्याचा वरचा बाइट. तिथे तो १ लिहितो. वरच्या बाइटमधला १ म्हणजे २५६, म्हणून खेळाडूच्या खात्यात एकदम २५६ रत्नं जमा! आणि काळं दार उघडलं की तो बाइट ० होतो, २५६ गेली.

ही चूक आहे, सरळसरळ बग आहे. नवा क्लोन लिहिणारा कुठलाही चांगला प्रोग्रामर काळी किल्ली एकतर चालू देणार नाही किंवा तिला आठवी किल्ली म्हणून नीट बसवेल. दोन्ही वेळा तो सुधारणाच करत असतो, आणि दोन्ही वेळा एखाद्या पोराने २५६ रत्नांच्या भरवशावर रचलेलं दुकान किंवा कोडं मोडून जातं. बाइट जुळवलेल्या कोडमध्ये मात्र हा बग कुणी मुद्दाम घालायला लागत नाही, मेमरीची मांडणीच तीच असल्यामुळे तो आपोआप येतो, जसा १९९१मध्ये आला होता तसाच. त्यातून आता नवं काही बनवणाऱ्याला कळतं की बग कुठे आहे, का आहे, ठेवायचा की काढायचा हे तो डोळे उघडे ठेवून ठरवू शकतो.

परवानगीचा भाग थोडक्यात. शेकेर्काने टिम स्वीनीची परवानगी घेतली आणि कोड एमआयटी लायसन्सखाली खुला झाला, म्हणजे कुणीही घ्या, बदला, वापरा. हे व्हायला मूळ लेखक हयात असणं, त्याच्यापर्यंत पोचता येणं आणि त्याने हो म्हणणं हे तिन्ही जुळून यावं लागलं. बऱ्याच जुन्या हौशी गेमांच्या बाबतीत यातलं एक तरी नसतं. एकदा कोड खुला झाल्यावर मात्र गोष्टी भराभर झाल्या, त्याच वर्षी एकाने तो गो भाषेत नेला, पुढे त्यावर बेतून नवी इंजिनं निघाली, आणि आज पण दरवर्षी नवी वर्ल्ड्स बनवायची जमवाजमव होते.

कोडएवढीच मोलाची दुसरी बाजू म्हणजे म्युझियम ऑफ झेडझेडटी. डॉक्टर डॉस या नावाने वावरणारी व्यक्ती ते चालवते. तीन हजारांहून जास्त फायली तिथे आहेत आणि नुसत्या डाउनलोडला ठेवलेल्या नाहीत, बहुतेक वर्ल्ड्स ब्राउझरमध्ये खेळता येतात, शेकेर्कानेच लिहिलेल्या झेटा नावाच्या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे न खेळता नुसतं उघडून बघता येतं, कुठला बोर्ड, कुठला ऑब्जेक्ट, त्याच्या आत काय कोड, सगळं. शिवाय एकेका वर्ल्डवर लांबच लांब लेख. चौदा वर्षांच्या पोराने सुट्टीत बनवलेल्या गेमवर एवढं गंभीरपणे कुणी लिहितं हे वाचून मला खरंच भरून आलं होतं. त्यातली बरीच वर्ल्ड्स वाईट आहेत हो, अर्धवट, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली, मित्रांची नावं घालून केलेल्या चेष्टा. पण कुठली चांगली आणि कुठली टाकाऊ हे आज ठरवून गाळणी लावली असती तर काळी किल्ली कुणी कशी वापरली हे आपल्याला कधी कळलंच नसतं.

हरवलेली वर्ल्ड्स सापडतात कुठे? काही लोकांच्या जुन्या फ्लॉप्यांमध्ये, आणि बरीचशी नव्वदच्या दशकातल्या त्या भरताड सीड्यांमध्ये, ‘हजार गेम एका सीडीत’ असं लिहून विकायचे त्या. कंपन्या बुलेटिन बोर्डांवरून जे मिळेल ते उचलून छापायच्या, पोरांना कुणी विचारायचं नाही, पैसे तर सोडाच. तेव्हा अन्यायच होता तो. आणि आज त्याच सीड्या इंटरनेट आर्काइव्हवर चढल्यामुळे ती वर्ल्ड्स जिवंत आहेत. २०२२पासून डिस्कमास्टर नावाचं साधन आहे, ते या सीड्यांच्या आतल्या फायलींमध्ये शोध घेऊ देतं, झिपच्या आतली झिप सुद्धा. आधी हे हाताने एकेक सीडी उघडून करायला लागायचं.

एक प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही. अनेक वर्ल्ड्सच्या शेवटी पोरांनी घरचे पत्ते टाकलेले असायचे, गेम आवडला तर या पत्त्यावर पाच डॉलर पाठवा म्हणून, टिम स्वीनीचं बघूनच. ती पोरं आज चाळिशीत आहेत. फाइल जशीच्या तशी ठेवणं हा जपणुकीचा पहिला नियम, आणि माणसाला त्याच्या लहानपणीच्या फायलीतून सुटका मागायचा हक्क आहे हे पण तितकंच खरं. माझं मत असं की माणूस स्वतः येऊन म्हणाला की नाव बदला, पत्ता झाका, तर ते करावं, लगेच करावं, आणि मूळ फाइल आत कुलपात ठेवावी. बाइट जपायचे ते माणसांसाठी.

हे सगळं वाचताना मला आपल्याकडची टर्बो सीची, म्हणजे सी भाषा शिकायच्या त्या प्रोग्रामची, निळी स्क्रीन आठवत राहते. तीच बोरलँड कंपनी, टर्बो पास्कलवाली. पुणे, सांगली, औरंगाबाद, कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये ती स्क्रीन जगाने सोडल्यावर पण कितीतरी वर्षं होती. आमच्या डिप्लोमाच्या वर्गातल्या एकाने तीत सापशिडी लिहिली होती, पटाच्या रेघा डॉसच्या दुहेरी रेघांच्या अक्षरांनी, साप उतारावर आला की स्पीकरमधून खाली खाली जाणारा सूर. अख्खा वर्ग प्रॅक्टिकल सोडून ती खेळायचा. साडेतीन इंची फ्लॉपीवर होती, फ्लॉपी चिपळूणला त्याच्या घरी गेली, दोन पावसाळे माळ्यावर राहिली आणि उघडली तेव्हा आतल्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके. एवढ्यावर संपलं. त्याच्या कोडची चूक नव्हती, कुणाचीच नव्हती, दुसरी कॉपी काढायचं सुचलं नाही इतकंच.

म्हणून कुणाकडे असलं काही घरात पडलेलं असेल तर आधी आतल्या फायली उघडून बघायचा मोह आवरा. आधी पूर्ण फ्लॉपीची इमेज, म्हणजे बाइट न बाइट कॉपी असलेली एकच फाइल, काढा, यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवर पण पीसीच्या साध्या फ्लॉपीचं काम होऊन जातं, फ्लॉपीवरची खाच सरकवून लिहिणं बंद केलेलं आहे ना ते बघा, बुरशी दिसली तर ड्राइव्हमध्ये घालूच नका, आधी साफ करणारा जाणकार माणूस गाठा. इमेज निघाली की तिला हात लावायचा नाही, जे काय उघडायचं ते तिच्या कॉपीत. तारखा, रीडमीच्या फायली, अर्धवट प्रयोग, सगळं राहू द्या. एक्झे मिळालं पण सोर्स नाही मिळाला तरी निराश होऊ नका, टर्बो सी पण फार हुशार कंपायलर नव्हता, पावलं उमटलेली असतील.

मी गेले काही आठवडे रोज रात्री म्युझियममधलं एखादं कधी नाव न ऐकलेलं वर्ल्ड उघडतो. झेडझेडटी-ओओपीमध्ये ‘झॅप’ नावाची एक आज्ञा आहे, ती दिली की ऑब्जेक्टच्या प्रोग्राममधल्या लेबलचा, म्हणजे त्या ‘टच’सारख्या ओळीचा, कोलन पुसला जाऊन तिथे एकेरी अवतरण चिन्ह येतं, म्हणजे प्रोग्राम चालता चालता स्वतःचाच मजकूर बदलतो, आणि एकदा सांगितलेलं वाक्य दुकानदार परत सांगत नाही. खेळ सेव्ह केला की तो बदललेला मजकूरच फायलीत जातो. नव्या बोर्डला झेडझेडटी आपणहून पिवळी चौकट आखून देतो. परवा एका वर्ल्डच्या शेवटच्या बोर्डवर पोचलो, आत काहीच नव्हतं, नुसती ती पिवळी चौकट, मध्ये मोकळी काळी जागा आणि खेळाडूचा हसरा चेहरा, निळ्या चौकोनावर पांढरा. बोर्डला नाव मात्र दिलेलं होतं: किल्ला.